पाठमोरा समू

“हलू नको. मुंडी वर कर. हात खाली घे, पोटावरचा तो हात काढ आधी.”

समू कपाटाला पाठ लावून उभा होता. मी त्याला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं होतं, तेल थापून भांग पाडला होता, तोंडाला पावडर, डोळ्यांत काजळ, गालावर तीट आणि अंगात लग्नसमारंभाचा कोट. मागच्या फळीवर पितळेचे डबे चिंचेनं घासून मांडले होते, फोटोत दिसावेत म्हणून. दोन वर्षांचं पोर ते, किती वेळ उभं राहणार? पण घरातल्या माणसाचा फोटो काढायचा तर तो बैठकीत लावण्याजोगा निघाला पाहिजे, अशी माझी रीत. माझ्या लग्नातला फोटो बघा. मी आणि मालक असे ताठ उभे आहोत की समोर फौजदार बसलाय वाटावं.

मी बटण दाबलं आणि फोटो सारिकाला पाठवला. पाठवण्यापुरतं मला माझ्या लेकानं, उत्तमनं शिकवलं होतं. हिरवं चित्र दाबायचं, मग सारिकाचं तोंड दाबायचं, मग बाण. अक्षराला हात लावायची गरज नाही. अक्षरांचं आणि माझं दुसरीतच बिनसलेलं.

लगेच फोन वाजला.

“आत्याबाई, फोटो मिळाला.”

“झकास आलाय का नाही?”

“डबे झकास आल्यात.”

“आणि पोरगं?”

“पोरगं कुठं आहे त्यात? वरातीत चुकलेलं म्हातारं उभं केलंय तुम्ही.”

ही माझी सून. एरवी असं बोलली असती तर मी तिच्या माहेरच्या पाच घरांचा उद्धार केला असता. पण एवढं बोलून तिला जी ढास लागली, ती फोनमधून माझ्या कानात आली, आणि तोंडात आलेलं मी गिळलं.

सारिका संक्रांतीनंतर दवाखान्यात गेली ती भाद्रपद लागला तरी तिथंच होती. क्षय झालेला. तोही साधा नव्हे, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. थुंकीचा रिपोर्ट साफ येत नाही तोवर पोराला जवळ न्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुरुवातीला उत्तमनं फोनवर तोंड दाखवायचा घाट घातला. पडद्यावर मास्क बांधलेली, डोळे खोल गेलेली बाई बघून समू असा किंचाळला की गल्लीतली माणसं धावली. सारिकाच म्हणाली, “परत मला दाखवू नका त्याला. तुम्ही मला त्याचे फोटो पाठवा.”

म्हणून हे फोटोचं काम माझ्याकडं आलं. गडहिंग्लजच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावात माझं मिरची कांडायचं यंत्र आहे. मालक गेल्यापासून मीच चालवते. तोंडावर मला सगळे हौसाक्का म्हणतात. पाठीमागं संकेश्वरी मिरची म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. तर सकाळी यंत्र चालू करायच्या आधी मी समूचा एक फोटो काढायची. सगळे तसेच, कपाटापुढं, ताठ.

उत्तम दवाखान्याच्या गावीच कामाला, रविवारी घरी यायचा. त्या रविवारी तो तिला भेटून आला, आणि चपला न काढताच दारालगतच्या सोप्यात बसला.

“चपला,” मी म्हटलं.

“आई, तिच्या गादीखाली गोळ्या सापडल्या.”

“कसल्या गोळ्या?”

“तिच्याच. मूठभर असतात एका वेळच्या. खाल्ल्या की ओकते, कानात घुंई घुंई होतं म्हणते. नर्ससमोर तोंडात टाकायची आणि मागनं काढून लपवायची. डॉक्टर म्हणाले, एवढी एक औषधं आमच्याकडं होती, हीही मधेच सोडली तर पुढं आमच्या हातात काही नाही.”

“मग तू गप बसलास? मुस्काटात द्यायची एक.”

“आजारी बाईच्या?”

“शब्दानं रे. शब्दानं देता येते. तुला माझ्या पोटी येऊन तेवढंही आलं नाही.”

माझं हे लेकरू स्वभावानं त्याच्या बापावर गेलंय, फुंकर मारली तर पडेल. उत्तम म्हणाला, “मी रागावलो. तर ती म्हणाली, कुणासाठी खाऊ? तुझी आई रोज एका सोंगाचा फोटो पाठवते. माझं पोर कसं हसतं, कसं जेवतं, काही कळत नाही. मला तो आठवेनासा झालाय, आणि त्याला मी.” मग माझ्याकडं बघून म्हणाला, “आई, ती सांगते तसे फोटो काढ. गोळ्यांचं आपल्या हातात नाही, एवढं आहे.”

समू तेव्हा यंत्राच्या खोलीच्या दारात पाटावर बसून मिरचीची देठं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकत होता. आजी म्हणून मला त्याच्यात काही कमी दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला.

“सांग बाई, कसा काढू. तू शिकव, आणि साठी ओलांडलेली मी शिकते.”

ती हसली का खोकली कळलं नाही. “आत्याबाई, आधी खाली बसा.”

“कुठं?”

“भुईवर. तुम्ही उभ्यानं काढता, म्हणून त्याचं नुसतं टाळकं दिसतं. त्याच्या डोळ्यांपुढं फोन आला पाहिजे.”

“माझे गुडघे तू येऊन उचलणार का?”

“आल्यावर उचलते. बसलात? आता दाराकडं पाठ करा. उजेड तुमच्या मागनं त्याच्या तोंडावर पडू दे. आणि त्याला हाक मारू नका. हस म्हणू नका. तो काय करतोय ते करू दे. तुम्ही नुसतं थांबा.”

“किती वेळ थांबू? वीस शेर मिरची ओतायची आहे.”

“थांबा की.”

थांबणं मला कधी जमलं नाही. पहिले फोटो हललेले आले. एकात नुसता माझा अंगठा. सारिका म्हणाली, “अंगठा ओळखीचा वाटला, त्यानं मला कितीदा हाकललंय.” पण एकात समू देठ नाकाशी धरून वास घेताना सापडला. शेंबूड ओठापर्यंत आलेला, चड्डी एका बाजूनं खाली. असला फोटो मी मेले तरी कुणाला दाखवला नसता. तिला पाठवला. उत्तमचा फोन आला, “आज गोळ्या घेतल्या तिनं, नर्सनं तोंड उघडून बघितलं.”

मग मात्र मी कंबर कसली. रोज एक फोटो मिळवायचा म्हणजे मिळवायचा. समू कोंबडीमागं, समू बादलीत डोकं घालून, समू माझी चपली उलट्या पायात घालून. कांडपाला आलेल्या बाया खोळंबायच्या. त्यांना म्हणायची, “बसा गप, सुनेचं औषध द्यायचं राहिलंय.”

अडलं ते जेवणावर. सारिकाला तो जेवताना हवा होता, आणि झोपलेला हवा होता.

“ते जमणार नाही,” मी म्हटलं. “जेवतं पोर आणि झोपलेलं पोर धरून ठेवायचं नसतं. दृष्ट लागते. तुला तुझ्या आईनं शिकवलं नाही?”

“कुणाची दृष्ट लागणार?”

“बघणाऱ्याची.”

“बघणारी मीच आहे, आत्याबाई.”

खरं सांगायचं तर आईची नजर सगळ्यांत आधी लागते असंच आमच्यात धरतात. पण त्या वेळी ते तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्या दुपारी मी समूपुढं दूध-भाकरीची ताटली ठेवली, आधी मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या आणि मग फोटो काढला. गालाला भाकरी, एक घास पुढल्या मांजराला. संध्याकाळी तो झोपला तोही काढला, पाय माझ्या मांडीवर टाकून. दोन्ही पाठवले. ती फोनवर म्हणाली, “भाकरीची कड टाकतो अजून.”

महिनाभर बरं चाललं. मला कळायला लागलं, पोराचा फोटो काढायचा म्हणजे पोर विसरेपर्यंत तिथं बसून राहायचं. माझा हातही बसला. आणि एका सकाळी मला असा फोटो सापडला की मी स्वतःशीच बोलले, हौसे, जिंकलीस.

समू यंत्राच्या खोलीत आला होता. कुठल्या तरी डब्यात हात घातलेला, बोटं लालभडक. मिरचीच्या चटणीनं नाक चुरचुरलं आणि तो शिंकला. शिंकून झाल्यावर त्यानं वर बघितलं आणि सगळं तोंड भरून हसला. डोळ्यांत पाणी, नाक लाल, पुढचे दात सगळे दिसतायत. नेमकं तेव्हाच माझं बोट पडलं. उजेड त्याच्या डोळ्यांत असा उतरला होता, दिवा लावल्यासारखा. मी तो कांडपाला आलेल्या प्रत्येक बाईला दाखवला. मग सारिकाला पाठवला आणि फोन हातात धरून बसले.

फोन आला नाही. दुपार गेली, दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी उत्तमचा आला.

“आई, तिनं परत सोडल्या. या वेळी लपवतही नाही. भिंतीकडं तोंड करून पडून असते.”

मला राग आला. एवढा फोटो धाडला, आणि ही बाई भिंतीकडं तोंड करते. तसाच फोन लावला.

“का गं, नखरा काय आहे तुझा? अख्ख्या गावानं वाखाणलेला फोटो. तुला काय खोट दिसली त्यात?”

“खोट नाही.”

“मग?”

“आत्याबाई, तो कुणाकडं बघतोय?”

“फोनकडं बघतोय. आणखी कुणाकडं?”

“फोनकडं नाही. नीट बघा. फोनच्या वर बघतोय.” तिचा आवाज अगदी साधा होता, पाणी मागावं तसा. “तुमच्याकडं बघतोय. असा तो माझ्याकडं बघायचा. जगात एवढ्या एकाच माणसाकडं. आता ते माणूस तुम्ही.”

मी म्हटलं, “असं कुठं असतंय?”

“असतंय. चांगलं आहे. त्याचं बरं चाललंय. मला आता काळजी नाही.” आणि तिनं फोन ठेवला.

काळजी नाही म्हणाली तेव्हा मात्र मी घाबरले. काळजी सुटलेलं माणूस गोळ्या कशाला गिळेल?

मी परत तो फोटो काढून बघितला. ती म्हणत होती तसंच होतं. मग मागचे बघितले. चपलीचा, बादलीचा, मांजराचा. जिथं जिथं पोरानं डोळे वर केले होते तिथं तिथं ते माझ्यावर होते. जितका फोटो चांगला तितका तो माझा. खोटं कशाला बोलू, बघताना पोटात गोडही वाटलं, आणि त्या गोडाचीच शिसारी आली.

यंत्रावर माझ्या हाताखाली इंदुमती म्हणून बाई होती, गल्लीतलीच. मी फोन तिच्या हातात दिला. “तू काढ. मी बाजूला होते.” समू मान वळवून मी जिथं जाईन तिथं बघायला लागला. मी न्हाणीत जाऊन बसले, तर पोरानं भोकाड पसरलं.

“आक्का, दुसऱ्याच्या हातात येत नाही तो,” इंदू म्हणाली. “तुमचाच लळा.”

“लळ्याचं नाव काढू नको, जीभ हासडीन.”

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. आता इतक्या वर्षांनी विचार केला तर वाटतं, कशी सुचली असली अक्कल. पण त्या दिवशी दुसरं काही नव्हतं जवळ.

सारिका घरात गाऊन घालायची. निळा, त्यावर ताटाएवढी पिवळी फुलं. त्या गाऊनवरनं आमच्या घरात केवढी महाभारतं झाली होती. मी म्हणायची, पोत्याला भोकं पाडून अंगात अडकवल्यासारखं दिसतं, दारात उभी राहू नकोस. ती दारातच उभी राहायची. दवाखान्यात जाताना तिचे सगळे कपडे उकळून, उन्हं देऊन आम्ही पेटीत ठेवले होते. मी तो गाऊन काढला, दार लावून लुगडं सोडलं आणि तो अंगात चढवला. पन्नास वर्षं नऊवारीत गेलेली बाई मी. पायांभोवती वारं फिरायला लागलं आणि नागडं झाल्यासारखं वाटलं.

इंदू तोंडात पदर कोंबून हसली. हसता हसता माझं तोंड बघून थांबली.

मी चुलीकडं तोंड करून, समूला पाठमोरी उभी राहिले. डोक्यावर काही घेतलं नाही. हातात फोन. बेत असा, की तो आई समजून येईल, त्या नजरेनं वर बघेल, मी तेवढ्यात वळून बटण दाबीन, आणि सारिकाला तिची नजर पाठवीन. एवढंच.

समू सोप्यात खेळत होता. डब्याचा आवाज चालला होता. मग आवाज थांबला. मी हलले नाही. थांबायला मला सारिकानंच शिकवलं होतं. पावलं आली, उंबऱ्याशी अडली, मग पुन्हा पुढं आली. गाऊन मागनं ओढला गेला. दोन्ही मुठींत त्यानं कापड धरलं होतं आणि माझ्या पोटऱ्यांवर तोंड दाबलं होतं. श्वास गरम लागत होता.

“आय,” तो म्हणाला.

आठ महिने पोराच्या तोंडात तो शब्द नव्हता. मला तो “आज्जे” म्हणायचा, बापाला “बा” म्हणायचा, मांजराला नाव होतं. हा शब्द तो विसरला असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं, आणि धरून बरं वाटून घेतलं होतं.

मी वळले. फोन हातात होता, पण बटण दाबायचं सुचलं नाही. समूनं वर बघितलं. माझं तोंड बघितलं. रोज ज्या तोंडाकडं बघून हसायचा, तेच. तो हसला नाही. रडलाही नाही. कापड सोडून एक पाऊल मागं झाला आणि माझ्या बाजूनं वाकून माझ्या मागं बघितलं. चुलीमागं बघितलं. मग चालत न्हाणीत गेला, दाराआड वाकला, बाजेखाली वाकला, माझी गोधडी उचलून बघितली. प्रत्येक ठिकाणी हळूच म्हणायचा, “आय?” लपाछपी खेळावी तसा. सगळं घर झालं, तेव्हा तो पुढच्या दाराशी गेला आणि उंबऱ्यावर उभा राहून रस्त्याकडं बघायला लागला.

इंदू रडत होती. “आक्का, काय केलंत हे,” म्हणाली.

मी त्याच्या मागं भुईवर बसले. समोरून उजेड येत होता, सारिकानं शिकवलं त्याच्या उलट. समू काळा दिसत होता नुसता, एक हात चौकटीवर, टाचा उचललेल्या. मी फोटो काढला आणि पाठवला.

या वेळी फोन आला.

“यात तोंड नाही,” सारिका म्हणाली.

“नाही.”

“काय करतोय तो दारात?”

“शोधतोय.”

“कुणाला? तुम्ही कुठं गेलाय?”

“मी इथं मागंच बसलेय. सगळं घर शोधून झालंय त्याचं.” मग मी तिला गाऊनचं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. तो काय म्हणाला तेही सांगितलं, कसं म्हणाला तेही.

फोनमधून वॉर्डातल्या पंख्याचा आवाज येत होता.

“परत असं करू नका, आत्याबाई,” ती शेवटी म्हणाली.

“नाही करत.”

“त्याला आत घ्या. ऊन लागेल दारात.”

त्या संध्याकाळी उत्तमचा निरोप आला. तिनं गोळ्या घेतल्या होत्या, ओकल्या, आणि परत मागून घेतल्या. ती घरी आली ती पुढच्या शिमग्याला, अर्ध्या वजनाची, एका कानानं बहिरी. आता समू सहावीत आहे आणि दोघं एकमेकांशी भांडतात तेव्हा मी मधे पडत नाही. पण ते पुढचं झालं. त्या दुपारी हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी मी त्याला आत घ्यायला गेले तर त्यानं माझा हात ढकलला. कडेवर घेतलं तर अंग ताठ करून घसरला आणि परत उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला. दूध-भाकरी आणली, त्यानं तोंड फिरवलं. इंदूला मी घरी पाठवलं, यंत्र बंद केलं, आणि मग लुगडं नेसायला म्हणून उठले. तेव्हा समूनं मागं न बघता हात मागं केला आणि गाऊनची कड मुठीत धरली. मी हळूच ओढून बघितली. त्यानं मूठ आणखी आवळली.

मग मी तिथंच उंबऱ्यावर टेकले. डेअरीला दूध घालायची वेळ झाली होती, सगळी गल्ली रस्त्यावर. पाटलाची म्हातारी थांबून बघत राहिली. सोसायटीचा चेअरमन सायकल हातात धरून म्हणाला, “हौसाक्का, हे काय सोंग?”

एरवी तो सायकलसकट गटारात गेला असता. मी मान खाली घातली. समू माझ्याकडं बघत नव्हता. तो रस्त्याकडं बघत होता, आणि ती पिवळी फुलं त्याच्या मुठीत चुरगळली होती.